बीए सेटचा सिलिंडर: पोलादी की कार्बनचा?

नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रातल्या एका मित्राला बीए सेट (धुरात शिरताना पाठीवर घ्यायचे, हवेच्या सिलिंडरचे श्वसनसंच) घ्यायचे आहेत, निधी मोजकाच.

आधी हवा. पोलादी ६ लिटर, २०० बार दाबाला भरलेला म्हणजे सुमारे १२०० लिटर. कार्बन कॉम्पोझिट ६.८ लिटर, ३०० बार म्हणजे कागदावर २०४०, प्रत्यक्षात थोडी कमी. मिनिटाला ४० लिटर धरले तर पहिला अर्धा तास, दुसरा पाऊण तासाच्या आसपास. पण धुरात जिने चढताना जवान याहून कितीतरी जास्त हवा ओढतो, आणि हवा संपत आल्याचा इशारा देणारी शिट्टी साधारण ५५ बारलाच वाजते. शेवटची हवा बाहेर पडण्यासाठीच राखायची.

वजनात कार्बनचा सिलिंडर जवळपास निम्मा. पाठ, गुडघे आणि उष्णतेचा ताण यांचा विचार केला तर मला हाच मुद्दा सर्वांत मोठा वाटतो.

किमतीत पोलादी बराच स्वस्त. चाचण्यांत उतरला तर वर्षानुवर्षे चालतो. मात्र आतून गंजतो, म्हणून भरायची हवा कोरडीच हवी. कार्बनचे आयुष्य बहुधा १५ वर्षे, आणि खोल ओरखडा पडला की तपासणीशिवाय वापरायचा नाही.

उंच इमारती, तळघरे असतील तर कार्बनच घ्या, संख्या कमी झाली तरी. सराव आणि जादा साठ्यासाठी पोलादी पुरेत.