हॅचबॅकमध्ये वूफर: सीटखालचा, डिकीतला की हजार वॅटचा?

दुकानात वूफर (खोल बास वाजवणारा स्पीकर) मागितला की विचारतात, "किती इंची बसवायचा?" आधी विचारायला हवं ते बोनेटखालचं: अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, किती अँपिअरचा आहे? इंजिन चालू असताना अ‍ॅम्पला (वूफरला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) वीज मुख्यतः अल्टरनेटर पुरवतो. बॅटरी फक्त क्षणभराची तूट भरून काढते.

लहान पेट्रोल गाडीत बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची आणि अल्टरनेटर बहुधा ७० ते ९० अँपिअरचा असतो. हा आकडा इंजिन वेगात फिरतानाचा आहे. आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) तो निम्म्याच्या आसपास येतो. पावसाळी संध्याकाळी पुण्यात सिंहगड रोडवर गाडी अडकली आहे, एसी, वायपर, हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा सगळं चालू आहे. हिशोब याच वेळेचा धरायचा, रिकाम्या एक्सप्रेसवेवरचा नाही.

अ‍ॅम्प किती करंट खाईल ते असं काढा: आरएमएस वॅट (सलग मिळणारी खरी ताकद) भागिले १३.८, त्याला पुन्हा ०.७५ ने भागा. क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या) मोनो (एका चॅनेलच्या) अ‍ॅम्पची कार्यक्षमता साधारण तेवढी असते. जुन्या पद्धतीच्या क्लास एबीला ०.५५ धरा.

| पर्याय | आरएमएस | पूर्ण जोरावर करंट | शुद्ध तांब्याची वायर | बॅटरीजवळचा फ्यूज |
|---|---|---|---|---|
| सीटखालचा ८ इंची | १०० वॅट | १० अँपिअर | ८ गेज | कंपनी सांगेल तो, बहुधा १५-२० |
| डिकीत १० किंवा १२ इंची | ४०० वॅट | ३९ अँपिअर | ४ गेज | ६० |
| मोठा सेटअप | १००० वॅट | ९७ अँपिअर | ० गेज | १५० |

(गेजचा आकडा जितका लहान, वायर तितकी जाड.) गाणं म्हणजे सलग एकच सूर नव्हे, त्यामुळे सरासरी करंट याच्या एक तृतीयांश किंवा त्याहून कमी राहतो. पण ठोका पडतो त्या क्षणी पूर्ण आकडा लागतोच.

डब्यावरच्या वॅटवर जाऊ नका. "३००० वॅट" छापलेल्या अ‍ॅम्पवर ४० अँपिअरचा फ्यूज असेल, तर ४० गुणिले १४.४ गुणिले ०.८ म्हणजे जेमतेम ४६० वॅट. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सीटीए-२००६ (अ‍ॅम्पचे वॅट मोजण्याचं अमेरिकी मानक) प्रमाणे दिलेला आकडा मिळाला तर त्यावर भरवसा ठेवता येतो.

सीटखालच्या वूफरमध्ये अ‍ॅम्प आतच असतो. कंपनीचा स्टिरिओ बदलावा लागत नाही, स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेता येतो. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर निर्णय इथेच संपला: हाच घ्या, आणि त्याची वायर टाकीच्या व्हॉल्व्हपासून आणि गॅसच्या नळीपासून दूर ठेवा. मर्यादाही समजून घ्या. ४० हर्ट्झच्या खाली तो दमतो, आवाज भरीव होतो पण छातीत घुमत नाही. विकत घेण्याआधी सीट पुढे-मागे सरकवून खालची उंची मोजा. मागच्या एसीचा डक्ट आडवा येतो का ते पाहा. काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत सहचालकाच्या सीटखाली लिथियम बॅटरी असते, तिथे हात लावू नये. पावसाळ्यात ओल्या बुटांचं पाणी कार्पेटमधून सीटखाली जातं, म्हणून युनिट थेट कार्पेटवर न टेकवता ब्रॅकेटवर थोडं उचलून बसवा.

डिकी रिकामी असेल तर आमचा कौल ३०० ते ५०० वॅटच्या मोनो अ‍ॅम्पला आणि एका वूफरला. मूळ अल्टरनेटरला हे झेपतं. चुका होतात त्या जोडणीत.

पहिली चूक ओहमची. समजा अ‍ॅम्प ४ ओहमवर २५० आणि २ ओहमवर ४०० वॅट देतो. दुहेरी ४ ओहम कॉइलचा वूफर समांतर जोडला की २ ओहम होतो, म्हणजे पूर्ण ४०० वॅट मिळतात. तोच वूफर दुहेरी २ ओहमचा आणला तर समांतर जोडून १ ओहम होतो आणि अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो) किंवा जळतो. एकसर जोडून ४ ओहम होतो, मग पैसे ४०० चे आणि वॅट २५०. म्हणून अ‍ॅम्प आणि वूफर एकाच बैठकीत ठरवा.

दुसरी चूक वायरची. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं आणि वर जाड प्लास्टिक. ब्लेडने एक तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर ते अ‍ॅल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, म्हणून तीच वापरायची तर एक माप जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अ‍ॅम्पसाठी नसतो, पत्र्याला घासून वायर शॉर्ट झाली तर आग लागू नये म्हणून असतो. फायरवॉलमधून वायर रबरी ग्रोमेटशिवाय नेऊ नका. अर्थिंगची वायर प्लसइतकीच जाड आणि जमेल तितकी आखूड हवी. चॅसिसवरचा रंग पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, बोल्ट आवळा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका.

तिसरी चूक गेनची. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायचं बटण. वूफर सोडवा, इक्वलायझर सपाट करा, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर ठेवा, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटवर मोजा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ४०० वॅट, २ ओहम, म्हणजे २८.३ व्होल्ट. तिथे थांबा. त्यापुढे सिग्नल कापला जातो आणि कॉइल तापून जळते. "वूफर भारी वॅटचा होता तरी गेला" ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

पेटी बंद घ्यायची की पोर्टवाली? पखवाज, डग्गा, ढोलाचा नेमका ठोका आवडत असेल तर बंद: १२ इंचीला २८ ते ३५ लिटर पुरतात. पोर्टवाली त्याच वॅटमध्ये जास्त घुमते, पण ५० ते ६५ लिटर जागा खाते. पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनला आवर राहत नाही, त्यामुळे सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) लागतोच. आणि स्टेपनी पेटी न हलवता निघाली पाहिजे.

हजार वॅट हवेतच असतील तर वूफरचं बजेट बाजूला ठेवून आधी वीज वाढवा. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते चॅसिस, इंजिन ते चॅसिस या तिन्ही वायरी जाड करा, मग मोठा अल्टरनेटर. दुसरी बॅटरी वीज निर्माण करत नाही, साठवते. तीही त्याच अल्टरनेटरला भरावी लागते. एक फॅरडचा कॅपॅसिटर तर १४ वरून १३ व्होल्टपर्यंत येताना अवघे १३.५ ज्यूल देतो, म्हणजे ५०० वॅटला सेकंदाचा एक सदतीसांश. ज्या गाडीत बॅटरीच्या मायनसवर करंट सेन्सर आहे, तिथे अ‍ॅम्पचं अर्थिंग थेट त्या टर्मिनलला लावलं तर सेन्सरला हा भार दिसतच नाही. ते चॅसिसवरच घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू नका, कपलर (मूळ सॉकेटला जुळणारा जोड) वापरा.

बसवून झाल्यावर इंजिन आयडलवर, एसी आणि दिवे चालू, आवाज नेहमीच्या जोरावर ठेवून डीसी व्होल्ट दोन ठिकाणी मोजा: बॅटरीवर आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर. दोन्हीकडे १२.५ च्या खाली आलं तर अल्टरनेटर कमी पडतो आहे. बॅटरीवर १३.९ आणि अ‍ॅम्पवर १२.८ दिसले तर अल्टरनेटरचा दोष नाही. अर्थिंगचा बोल्ट उघडा, लगखाली रंग राहिला असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.