खाडीतला चिखल मोजायचा तर: आरटीके की आर-सेट?

खारफुटीखालची चिखलाची जमीन चढत्या समुद्राबरोबर वर येते का, हे मोजायचंय. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, तर आरटीके जीपीएस (दुरुस्तीच्या सिग्नलमुळे सेंटिमीटरपर्यंत नेमकी उंची सांगणारा, दांड्यावरचा जीपीएस) घ्यावा की आर-सेट (चिखलात कायमच्या ठोकलेल्या कांबीवरून सुयांनी जमिनीची उंची मोजायची सोय) बसवावा, असं पुण्यातल्या दोघांनी यंदा वेगवेगळं विचारलं. मी दोन्ही वापरलंय, रायगडातल्या कुंडलिकेच्या खाडीत. (मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून याच नदीला मिळतं, म्हणजे ती खाडी आपल्याला अगदीच परकी नाही.)

उपग्रहचित्रांचं आधीच मिटवतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि खारफुटी कुठे पसरली, कुठे वाळली, हे कोथरूडमध्ये बसून दिसतं. पण जमीन चार मिलिमीटर वर आली का, हे त्यात दिसत नाही. आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. २००६ ते २०१८ या काळात जगाचा सरासरी समुद्र वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटरने चढत होता. हा वेग सहा-सातच्या पुढे गेला तर खारफुटीला तग धरणं अवघड, असं जुन्या गाळाच्या पुराव्यांवरून २०२० साली मांडलं गेलं. म्हणजे सगळा हिशोब दोन-तीन मिलिमीटरचा.

आरटीकेची मोठी सोय म्हणजे वेग. एका ओहोटीत बांधापासून पाण्यापर्यंत रेघ मारून शंभरेक बिंदू घेता येतात. शिवाय यंत्र भाड्यानेही मिळतं. तिवरांच्या दाटीत गेलं की उपग्रह तुटतात आणि मोबाइलची रेंज गेली की दुरुस्तीचा सिग्नलही जातो. तेही एक वेळ चालवून घेऊ.

माझं घोडं अडलं ते दांड्याच्या टोकाशी. चिखलात दांडा टेकवायचा म्हणजे नेमका कुठे? मी हलक्या हाताने धरतो, माझा मित्र जरा रेटून. एका दुपारी एकाच खुणेवर दोघांनी पाळीपाळीने वाचन घेतलं, तर फरक निघाला दोन सेंटिमीटरचा. म्हणजे समुद्राची पाच वर्षांची चढण आमच्या मनगटांतच हरवली! मग टोकाखाली तबकडी बसवली. फरक कमी झाला, गेला नाही, कारण शेजारी उभं राहिलं की आपल्या वजनाने चिखलच दबतो. पुढच्या वर्षी आकडे खाली आले तेव्हा जमीन खचली की दांडा जास्त रुतला, हे मला छातीठोकपणे सांगता येईना. तिथे माझं मन उडालं.

आर-सेटमध्ये हा प्रश्न बराचसा मिटतो. स्टेनलेस स्टीलच्या कांबी एकीला एक जोडत, पुढे जाईनाशा होईपर्यंत ठोकायच्या. वरच्या टोकाला काँक्रीटचा पक्का गळा. दर वेळी त्यावर आडवा हात बसवून पाणसळीने समतल करायचा आणि नऊ सुया अलगद चिखलाला टेकवायच्या. चार दिशांना मिळून छत्तीस वाचनं. सुई बारीक आणि हलकी, त्यामुळे रेटायला वावच कमी. उभं राहायचं ते फळ्यांवर, मोजायच्या जागेत पाऊल टाकायचं नाही. सुई खेकड्याच्या बिळात किंवा तिवराच्या श्वासमुळावर पडली, तर तशी नोंद करायची. तरीही वाचणारा माणूस शक्यतो बदलू नये.

जोडीला फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड चिखलावर पसरून ठेवायची. सिरॅमिकचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे ती मिळते. वर्षाने त्या जागेचा छोटा तुकडा कापून पांढऱ्या थरावर किती गाळ बसला ते बघायचं. समजा गाळ पाच मिलिमीटर बसला आणि सुया म्हणतात जमीन तीनच वर आली, तर उरलेले दोन खालच्या थरांच्या दबण्यात गेले. नुसता गाळ मोजणाऱ्याला हे कधीच कळत नाही. आमचा एक पांढरा थर मात्र खेकड्यांनी उकरून पार कालवून टाकला. म्हणून एका ठिकाणी तीन तरी थर टाका.

उणिवाही आहेतच. ठोकाठोकी कंबर मोडते, वनखात्याची परवानगी लागते, आणि एवढं करून हाती लागते ती जेवणाच्या टेबलाएवढी जागा. कांबीच्या बुडाखालची जमीनच खचत असेल तर तीही यात दिसत नाही. तीन-चार वर्षांशिवाय कल सांगू नये. त्यामुळे दीड वर्षाचा प्रबंध असेल, किंवा भरतीचं पाणी कुठवर शिरतं एवढाच नकाशा हवा असेल, तर आरटीकेच बरा. माझं म्हणणं सगळ्यांना लागू पडेल असं नाही.

पण थांबायची तयारी असेल तर मी तरी पैसे कांबींत घालीन, आणि आरटीके दोन दिवस भाड्याने आणून कांबींची डोकी एकदा पक्क्या बेंचमार्कशी (उंची ठाऊक असलेल्या कायमच्या खुणेशी) जोडून घेईन. तिथे दांडा स्टीलवर टेकतो, त्यामुळे मनगटाचा प्रश्नच येत नाही. ठोकायला सप्तमी-अष्टमीच्या भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस धरा, उधाणात पाणी वर चढतं आणि काम अर्धवट राहतं. पहिलं वाचन लगेच घेऊ नका, तुडवलेला चिखल आधी सावरू द्या.