मोडी वाचून देणारे काका आणि आमच्या गल्लीतला पाट : साडेचार स्टार

आधीच सांगतो, काकांचं नाव नि नंबर इथं टाकणार नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, आधीच लई लोक येतात म्हणे. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत चार जणांना विचारलं तरी घर सापडतंय.

आमची गल्ली पेठेच्या खालच्या अंगाला, पंचगंगेच्या बाजूला. अकरा घरं, त्यातली पाच अजून कौलारू, काळ्या दगडाचं जोतं, पुढं सोपा, मागं परडं. म्हातारी माणसं गल्लीला अजून 'पाटाकडची गल्ली' म्हणतात, पण पाट कुठाय तर कुठंच नाही, फरशी घातलेली गटार तेवढी आहे. आज्जीला विचारलं तर म्हणायची, "नाव हाय म्हंजे कायतरी असंलच की." संपला विषय.

आता घरात एक पत्र्याची ट्रंक होती आणि त्यात मोडीतले, म्हणजे जुन्या सलग लिहायच्या मराठी लिपीतले, सतरा कागद. २०१९ च्या पुरात ट्रंक भिजली, २०२१ ला पाणी यायच्या आधीच माळ्यावर चढवली (पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, पण आमच्या गल्लीची ट्रंक ३९ लाच वर जाते). तेव्हा ठरवलं की हे कागद कुजायच्या आधी वाचून घ्यायचे.

पहिल्यांदा मी एका ऑनलाईनवाल्याकडं फोटो पाठवले. दोन दिवसात टाईप करून आलं, दिसायला एकदम चकाचक. खरेदीखत फसली (जुनं महसुली साल) १२९८ चं, म्हणजे इसवी १८९७, आणि चतुःसीमेत, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे त्या नोंदीत, 'पश्चिमेस वाट'. आम्ही खूश, फ्रेम करायच्या बेतात होतो. मग एका मित्रानं काकांचं नाव सांगितलं, म्हटलं एकदा डबल चेक करूया.

काकांनी कागद हातात घेतला, भिंग लावलं आणि पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग पहिलं वाक्य, "हे १८८८ आहे." फसली सालात ५९० मिळवायचे, वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून जूनच्या आधीची तारीख असेल तर ५९१. त्या पठ्ठ्यानं ५९९ मिळवले होते, ती शुहूर सनाची, म्हणजे दुसऱ्या एका जुन्या कालगणनेची, रीत. मराठेशाहीतल्या कागदांवर ते 'इसन्ने तिसैन मया व अलफ' असं अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं असतं ना, म्हणजे ११९२, त्यात ५९९ घातले की १७९१. दोन्ही साली मृगालाच बदलतात म्हणून गोंधळ होतो आणि बरोबर नऊ वर्षांचा फरक पडतो. हे सगळं काका असं सांगतात जणू आपण दुधाचा हिशेब चुकलोय.

आणि मग मेन गोष्ट. 'वाट' नाही, 'पाट'. मी म्हटलं काका, मोडीत शब्दच सुटे नसतात, बोरू न उचलता सलग ओढलेलं असतंय, तुम्ही एवढं खात्रीनं कसं म्हणताय? त्यांनी त्याच कागदात खाली बोट ठेवलं. तिथं परड्याचं वर्णन होतं आणि तोच शब्द पुन्हा, पण आधी 'पाण्याचा'. पाण्याची वाट कोण म्हणत नाही. बास. मला तिथंच काटा आला राव.

म्हणजे १८८८ ला आमच्या घराच्या पश्चिमेला पाण्याचा पाट वाहत होता आणि आज तिथं गटार आहे. काका म्हणाले, गल्लीचा इतिहास शोधायचा असला तर एका घराचा कागद धरून बसायचं नाही, शेजाऱ्यांच्या चतुःसीमा बघायच्या, कारण तुमची पश्चिम ही कुणाचीतरी पूर्व असते. आम्ही घरोघरी फिरलो, तीन घरांत कागद निघाले, दोघांत पाट आहे आणि तिसऱ्यात 'सरकारी जागा'. मग सिटी सर्व्हेचा चौकशी उतारा नि प्रॉपर्टी कार्ड काढायला म्हणून एका ऑफिसात तीन फेऱ्या मारल्या, त्याबद्दल इथं काय बोलत नाही, बीपी वाढतोय.

वाईट बातमी पण काकांनीच दिली. आमच्या कौलावर बासेल मिशनचा (कौलं बनवणाऱ्या मिशनरी संस्थेचा) शिक्का आहे आणि १८६५ साल, त्यामुळं घरात सगळे छातीठोकपणे सांगायचे की घर १८६५ चं. काका हसले, म्हणाले ते मंगळूरला कारखाना निघाला ते साल, कौल कधी भाजलं ते नाही. वर खरेदीखतात लिहिलंय 'पाच खणी घर, गवती छपराचं'. म्हणजे १८८८ ला डोक्यावर गवत होतं, कौलं नंतरची. कोल्हापूरला रेल्वे १८९१ ला आली, कौलं तिच्यावरनं आली असतील का असं मी उत्साहानं विचारलं तर म्हणाले, "कागदात आहे का? नाही ना? मग मी बोलणार नाही." वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तसंही जवळच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ ला उत्खनन झालं तेव्हा सातवाहन काळातली वस्ती निघाली, टाऊन हॉल म्युझियममधली रोमन काळातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती तिथलीच, त्यामुळं या भागात घराच्या वयाची बढाई मारूच नये.

पैसे : पानाला ३०० रुपये. ओळीखाली ओळ असं लिप्यंतर वहीत हातानं लिहून देतात, जो शब्द लागला नाही तिथं टिंबं ठेवतात, अंदाजानं भरत नाहीत. माझ्या सतरा पानांत नऊ ठिकाणी टिंबं आहेत आणि त्या नऊ टिंबांमुळंच बाकीच्यावर विश्वास बसतो.

अर्धा स्टार कापला कारण वेळ. तीन आठवडे म्हणाले, अडीच महिने लागले. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअॅप नाही, फोटोवरनं वाचत नाहीत, मूळ कागदच न्यायला लागतो. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला हे अवघड आहे.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, कागद लॅमिनेट करून नेऊ नका, इस्त्री तर अजिबात फिरवू नका, माझ्या चुलत्यानं एका कागदाला केली होती आणि काकांनी त्याला माझ्यासमोर झापलं. ओला झाला असेल तर सावलीत सुकवायचा. सकाळी अकराच्या आत जावा, चहा मिळतो.

पाट कुणी, कधी बुजवला ते अजून लागलेलं नाही. अठरावा कागद परवा आज्जीच्या देवघरात सापडला, कुंकवाच्या डबीखाली चौघडी घालून ठेवलेला. रविवारी घेऊन बोलावलंय.