९३१चा हिशेब बरोबर होता, फसवणूक भलतीकडेच होती

लॅपटॉप सहा वर्षांचा झाला होता. बटण दाबायचं, उठून दोन कामं उरकून यायचं, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. आत हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५४०० फेरे मारणारी. हे अर्थात मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी ड्राइव्ह, टाकली की जुना लॅपटॉप नव्यासारखा पळतो. ही माहिती खरी आहे. पुढची सगळी भानगड ती खरी आहे म्हणूनच झाली.

दुरुस्तीवाला बोलायला गोड होता. "ताई, १ टीबीची टाकतो, चांगल्या कंपनीची, नवी कोरी. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं क्लोन करून देतो. संध्याकाळी घेऊन जा." मी लॅपटॉप ठेवून आले. खोकं दाखवा, सील माझ्यासमोर फोडा, असलं काही मला सुचलंच नाही.

संध्याकाळी त्याने लॅपटॉप सुरू करून दाखवला आणि मी बघतच राहिले. पंधरा सेकंदांत माझा फोटो, माझे फोल्डर, सगळं समोर! तरी आपणही थोडं जागरूक आहोत हे दाखवावं म्हणून मी ड्राइव्हची जागा तपासली. तिथे ९३१ जीबी. "हजार सांगितले होते, ६९ कुठे गेले?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

तो अजिबात चिडला नाही. कॅल्क्युलेटर काढला. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, त्यामुळे तिच्या हिशेबाने १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. एक लाख कोटीला तीनदा १०२४ने भागा, ९३१ येतात. मीही भागून पाहिलं, आले. तो शंभर टक्के खरं बोलत होता आणि मी उगाच संशय घेतला म्हणून मला ओशाळल्यासारखं झालं. त्याच भरात तो म्हणाला, "जुन्या डिस्कमध्ये बॅड सेक्टर आलेत, म्हणजे तिचे काही भाग खराब झालेत, तिच्यात आता काही राम नाही. मीच भंगारात टाकतो." मी मान डोलावली. बिलावर 'एसएसडी, १ नग' एवढंच लिहिलं होतं, सीरियल नंबर नव्हता. तेही चालवून घेतलं. एका माणसावर एकाच संध्याकाळी दोनदा कुठे संशय घ्यायचा?

आता वेगाचं सांगते, कारण माझ्या डोळ्यांत धूळ गेली ती वेगाची. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि तिच्यावर एक सुईसारखा हात पुढेमागे जातो. फाइलचा एकेक तुकडा शोधायला त्याला पंधराएक मिलिसेकंद लागतात. लॅपटॉप सुरू होताना असे हजारो तुकडे शोधावे लागतात. एसएसडीत हलणारं काहीच नसतं, तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर होतं. म्हणजे फरक शंभरपटीच्या पुढे. एवढा फरक असल्यावर एसएसडी नवी आहे की झिजून झिजून मरायला टेकलेली, हे हाताला कळतच नाही. दोन्ही सारख्याच पळतात. निदान दुकानाच्या काउंटरवर तरी.

चार महिने बरे गेले. मग एकदा एक मोठा व्हिडिओ कॉपी करायला घेतला. वेग सुरुवातीला सेकंदाला चारशे एमबी, नंतर वीसवर आला आणि लॅपटॉप गारठला. वेग पडतो यात नवल नाही. स्वस्तातल्या अस्सल एसएसडीचाही तात्पुरता साठा भरला की ती मंदावते. पण पुढच्या आठवड्यात काही फोटो अर्धे करडे दिसायला लागले, तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते ड्राइव्हच्या स्वतःच्या नोंदी वाचून दाखवतं. पॉवर ऑन अवर्स, म्हणजे ड्राइव्ह एकूण किती तास चालू होती: २१,४००. मी वहीत हिशेब मांडला. रोज दहा तास धरले तरी माझ्या चार महिन्यांचे होतात १,२००. उरलेले वीस हजार कुणाचे? रात्रंदिवस चालली तरी एवढे तास भरायला सव्वादोन वर्षांच्या वर लागतात. लिहिलेला डेटा २१२ टीबी. चार महिन्यांत माझ्या हातून त्याचा शंभरावा भागही झाला नसेल. खराब झाल्यामुळे बदललेल्या सेक्टरांचा आकडा दर दोन दिवसांनी वाढत होता. आणि मॉडेलचं नाव तर भलत्याच कंपनीचं. मागचं झाकण उघडलं. स्टिकर त्या 'चांगल्या कंपनी'चाच होता, फक्त एक कोपरा सुटला होता आणि खाली आधीच्या स्टिकरचा वाळलेला डिंक.

दुकानात गेले. आधी म्हणाला, "ते टेस्टिंगचे तास असतात ताई." वीस हजार तास टेस्टिंग! मग म्हणाला, "सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं." शेवटी हुकमी एक्का: "लॅपटॉप पळतोय ना?" बिलावर सीरियल नंबरच नसल्यामुळे भांडायला माझ्या हातात काही नव्हतंच. हीच ड्राइव्ह त्याने दिली हे मी सिद्ध तरी कशी करणार?

दोन आठवड्यांनी ती गेली. हार्ड डिस्क जाताना बहुतेकदा टकटक करते, कुरकुरते, माणसाला थोडा वेळ देते. ही रात्री होती आणि सकाळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, दिसेचना. त्या वेळी मला माझी जुनी हार्ड डिस्क हवी होती. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या केसमध्ये घातली की एक्स्टर्नल ड्राइव्ह तयार होते, आणि क्लोन केलं त्या दिवसापर्यंतचं सगळं तिच्यावर शाबूत असतं. बॅड सेक्टर खरंच होते का, देव जाणे. नसावेत असं मला आता वाटतं.

दुसरी ड्राइव्ह मी स्वतः बसवली. दहाबारा स्क्रू, बॅटरीचा जोड आधी काढायचा, जुनी सरकवून काढायची, नवी सरकवायची. एवढ्यासाठी मी दुसऱ्याच्या हातात लॅपटॉप दिला होता याचीच लाज वाटली. पण बसवण्याआधी ती यूएसबी अडॅप्टरने जोडून तास पाहिले, खोक्यावरचा, स्टिकरवरचा आणि सॉफ्टवेअरमधला सीरियल नंबर जुळवला, तिन्हींचे फोटो काढले. तास शून्य दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, कारण तो आकडा मागेही फिरवता येतो. २०२५च्या सुरुवातीला हजारो तास चाललेल्या हार्ड डिस्क अशाच शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं. म्हणून मी पुढे एच२टेस्टडब्ल्यू नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण ड्राइव्ह काठोकाठ भरली आणि परत वाचून घेतली. आत थोडीच मेमरी आणि नोंद मात्र १ टीबीची, अशा बनावट ड्राइव्ह या परीक्षेत उघड्या पडतात. कित्येक तास लागतात, लागू द्या.

विक्रेत्याची पारख करायला एक प्रश्न मला उशिरा सुचला. माझ्या लॅपटॉपात फक्त अडीच इंची साटा ड्राइव्ह बसते (साटा म्हणजे ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत) आणि साटाची मजल सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत. साडेतीन हजारांचा वेग एनव्हीएमई या नव्या, जास्त वेगवान पद्धतीच्या ड्राइव्हचा, तिची खाच वेगळी. आपल्या लॅपटॉपात साटाच आहे हे आधी पाहून घ्या आणि मग विचारा, "वेग किती मिळेल?" त्यावर जो साडेतीन हजार सांगेल, त्याच्या दुकानातून तसंच मागे फिरा.

जुनी डिस्क परत मागितली तेव्हा तो म्हणाला, "भंगारवाल्याला दिली." कोणत्या, ते त्याला आठवत नव्हतं. फॉरमॅट केली होती म्हणे. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच राहतात. साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही ती वाचता येतात. त्या डिस्कवर ओळखपत्रांचे स्कॅन होते, बँकेचे कागद होते, सही केलेले अर्ज होते. पासवर्ड मी त्याच रात्री सगळे बदलले. सही कशी बदलायची?