वाफ्यात उगवलेलं हे काय? तण ओळखायला चार अ‍ॅप, आणि ती कुठे कमी पडतात

पाऊस पडून पंधरा दिवस झाले की वाफ्यात पेरलेलं आणि न पेरलेलं एकाच उंचीचं होतं. खुरपं हातात असतं, पण उपटायचं काय आणि राखायचं काय ते कळत नाही. अशा वेळी फोटोवरून नाव सांगणारी चार अ‍ॅप बरीच वापरली जातात: गुगल लेन्स, प्लांटनेट, सीक आणि आयनॅचरलिस्ट. चारही फुकट आहेत. मात्र रोप तण आहे की नाही हे यातलं कोणतंही अ‍ॅप ठरवून देत नाही, ते फक्त नाव सुचवतं. मेथीच्या वाफ्यात घोळ तण, आणि घोळीच्या वाफ्यात मेथी तण. तो निर्णय खुरपं धरणाऱ्याचा.

अ‍ॅपच्या नावाने बोटं मोडण्याआधी फोटो नीट काढा, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. उभ्याने, वरून, अख्ख्या वाफ्याचा फोटो काढला तर त्यात चार जातींची रोपं येतात आणि अ‍ॅप भलतंच रोप धरतं. रोपामागे पांढरा कागद धरा, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून काढा, स्क्रीनवर पानाला बोट लावून फोकस पक्का करा. वारा असेल तर देठ दोन बोटांत धरा. दुपारचं ऊन आणि फ्लॅश दोन्ही टाळा, पानाच्या शिरा आणि लव त्यात पुसली जाते. पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान खोडाला जुळतं तो सांधा, फूल असल्यास समोरून आणि बाजूने, आणि शेवटी पूर्ण रोप, एवढे फोटो हवेत. सांध्याचा फोटो बहुतेक जण विसरतात. काटेमाठ आणि साधा माठ यांतला फरक तर तिथेच दिसतो: काटेमाठाच्या पानाच्या बगलेत काट्यांची जोडी असते.

गुगल लेन्स सगळ्यात झटपट. बहुतेक अँड्रॉइड फोनवर आधीच असतं, फोटो दाखवला की इंटरनेटवरची मिळतीजुळती चित्रं समोर येतात. अडचणही त्यातच आहे. नर्सरीतल्या शोभेच्या झाडांचे फोटो इंटरनेटवर ढिगाने, बांधावरच्या तणाच्या कोवळ्या रोपाचे मोजकेच. त्यामुळे दोन इंचांचं गाजरगवत दाखवलं तर शेवंती किंवा झेंडू असं उत्तर आलं तरी नवल नाही. पहिला अंदाज बांधायला ठीक, त्यावर विसंबून वाफा साफ करायला नाही.

प्लांटनेट जास्त कामाचं. फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी ते उभं केलं आणि ते फक्त वनस्पतींसाठीच आहे. एकाच रोपाचे अनेक फोटो एकत्र देता येतात आणि प्रत्येक फोटो पानाचा, फुलाचा, फळाचा की सालीचा हे सांगता येतं. हे सांगायचा कंटाळा करू नका, उत्तर सुधारतं. आपल्या भागाची वनस्पती-यादी निवडायची सोय आहे, तीही वापरा. उत्तरात एकच नाव येत नाही, टक्क्यांसकट यादी येते. ऐंशी-नव्वद टक्के असतील आणि दुसरं नाव पार मागे असेल तर भरवसा ठेवायला हरकत नाही. पहिलं पस्तीस, दुसरं तीस अशी टक्कर असेल तर अ‍ॅपला माहीत नाही असंच समजा, आणि यादीतल्या प्रत्येक नावाखालचे फोटो आपल्या रोपाशी ताडून बघा. फुलावर आलेल्या केना, आंबुशी, एकदांडीसाठी हे अ‍ॅप चांगलं. फुलोरा नसलेल्या गवतासाठी मात्र कोणत्याच अ‍ॅपकडून फार आशा ठेवू नका, कारण गवतांची ओळख फुलोऱ्यावरच जास्त अवलंबून असते.

सीक खातं न उघडता चालतं, नेट नसलेल्या शेतावरही चालतं. कॅमेरा रोपावर रोखला की वर ठिपके भरत जातात: कुळ, मग प्रजाती, मग जात. खात्री नसेल तर ते कुळावरच थांबतं. नवख्याला ते अर्धवट वाटतं, पण छातीठोकपणे चुकीचं नाव सांगण्यापेक्षा हे बरं. नुसतं कुळ कळलं तरी वाफ्यात बराच उलगडा होतो. मुळ्याच्या वाफ्यातलं रोप मोहरीच्या कुळातलं निघालं तर हात आवरा, सूर्यफुलाच्या कुळातलं निघालं तर ते मुळा नक्की नाही.

आता हाताने करायच्या चाचण्या. फोनच्या उत्तरानंतर, उपटण्याआधी, या कराच.

घोळ आणि जमिनीलगत पसरणाऱ्या नायटीच्या जाती वरून काढलेल्या फोटोत सहज फसवतात. देठ मोडा. पांढरा चीक आला तर ती नायटी. घोळीचं खोड मांसल, पाणीदार, चीक अजिबात नाही. एक भाजीत जाते आणि दुसरी नाही, म्हणून ही चाचणी सोडू नका. एकूणच, अ‍ॅपने ‘खाण्याजोगं’ म्हटलं एवढ्यावर कोणतंही रोप कढईत टाकू नये.

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण खोड बोटांत फिरवून पाहिलं की तीन कडा लागतात. गवताचं खोड गोल किंवा चपटं असतं, त्याला पेरं असतात. हा फरक महत्त्वाचा, कारण लव्हाळा नुसता ओढला तर वरचा भाग हातात येतो, गाठींची माळ जमिनीत राहते आणि प्रत्येक गाठीतून नवा कोंब निघतो. माती ओली असताना खुरप्याने खोलवर खणून गाठींसकट काढावा लागतो.

केन्याची गंमत वेगळी. वर निळं फूल दिसतं, पण जमिनीखालीही न उमलणारी फुलं येतात आणि तिथेच बी धरतं. तुटलेल्या कांड्यालाही मुळं फुटतात. म्हणून केना कापून वाफ्यातच टाकू नका, ओला असताना कंपोस्टमध्येही नको, आधी उन्हात कडक वाळवा.

गाजरगवताचा संशय असेल तर मात्र वास घ्यायला पान चुरगाळू नका, अनेकांना त्याने त्वचेची अ‍ॅलर्जी होते. डोळ्यांनी बघा: पानं जमिनीलगत चक्रात पसरलेली, खोल कातरलेली, फिकट हिरवी आणि लव असलेली. कोथिंबिरीचं पान गुळगुळीत असतं. पुण्यात १९५५ च्या सुमारास ठळकपणे नजरेत आलेलं हे तण आज देशभर आहे. हातमोजे घालून, फुलं येण्याआधी, मुळासकट काढायचं. एका झाडाला हजारो बिया येतात.

दोन-चार पानांच्या रोपावर मात्र अ‍ॅपही थकतं आणि डोळेही. तिथे सगळ्यात भरवशाचा उपाय फुकटचा आहे: वाफा पेरताना त्याच पाकिटातलं आठ-दहा बी कोकोपीट भरलेल्या कुंडीत पेरून चिठ्ठी लावायची. कुंडीत जे उगवेल तसंच वाफ्यात राखायचं. शेणखत किंवा घरचं कंपोस्ट घातलेल्या वाफ्यात टोमॅटो, मिरची, भोपळा आपोआप उगवतात, तेवढं ध्यानात ठेवा. टोमॅटोचं पान चोळलं की वासावरून कळतं, तसंच दिसणाऱ्या कामोनी या तणाला तो वास नाही.

एवढं करूनही अडलं तर आयनॅचरलिस्ट. इथे यंत्राच्या अंदाजावर माणसं मत देतात, आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतं जुळली तर नोंद पक्की धरली जाते. आपोआप उगवलेल्या तणाला ‘लागवडीचं’ अशी खूण करू नका, नाहीतर नोंद त्या पक्क्या दर्जापर्यंत पोचतच नाही. घरच्या बागेचा फोटो असेल तर ठिकाण धूसर करायचा पर्याय निवडा. उत्तर तासाभरात येईल किंवा कधीच नाही. घाई असेल, पिकाचा प्रश्न असेल, तर मुळासकट उपटलेलं रोप ओल्या कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवलेलं बरं.

तोवर अनोळखी रोप लगेच उपटायची गरज नाही. एक-दोन राखा, बाकीची काढा. फूल आलं की आधी त्याचे फोटो घ्या आणि मग बी धरण्याआधी ते खुडून टाका.