रेक्झिन ठोकण्याआधी आत काय भरलंय ते बघा

जुन्या ट्रकची केबिन साउंडप्रूफ करून घेणार असाल तर आधी हे वाचा. आमचे २२ हजार गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे पेट घेईल असा माल आमची गाडी चालवणाऱ्या अण्णांच्या शेजारी गरम इंजिनावर चिकटवून दिला.

गाडी टाटा १६१३. चॅसिस कंपनीचं, केबिन बाहेर बांधून घेतलेली. लाकडी सांगाड्यावर पत्रा. इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे बॉनेटखाली. लासलगावहून कांदा घेऊन वाशीला जायचं आणि येताना कसारा चढायचा, तेव्हा शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. घरी आल्यावरही अण्णांच्या कानात शिट्टी वाजत राहते. रोज आठ-आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज कानावर पडत राहिला तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. २०२५ मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, म्हणजे त्यांना काचा तरी बंद ठेवता येतात. जुनी गाडी चालवणाऱ्याला आपलं आपणच बघावं लागतं.

नाशिककडच्या एका गॅरेजवाल्याने नमुना दाखवला तो अस्सल होता: दोन मिलिमीटरची जड ब्यूटाइल (एक प्रकारचं रबर) शीट, वर ॲल्युमिनियम. "अण्णा, टेन्शन घेऊ नका, छत, दरवाजे, फ्लोअर, सगळीकडे हाच माल." काम झाल्यावर मोबाइलवर डेसिबलचा आकडा उतरलेला दाखवला. कामाआधीचा आकडा काच उघडी ठेवून, रेस देऊन घेतला होता. नंतरचा काचा लावून, गाडी न्यूट्रलला ठेवून. लाइनवर गेल्यावर आवाज होता तेवढाच.

उन्हाळा लागला तसा केबिनमध्ये डांबराचा वास सुटला आणि छताच्या शिवणीतून काळं ओघळायला लागलं. आमच्या गावच्या कुशनवाल्याकडून रेक्झिन उसवलं. छताला स्लॅबची गळती थांबवायला लावतात ती डांबरी पट्टी होती. तिच्यावरही ॲल्युमिनियमच असतं, त्यामुळे लांबून फरक कळत नाही. दरवाजात हात पोचतो तेवढ्याच जागेत दोन तुकडे. मॅटखाली सोफ्याचा फोम, पावसाचं पाणी पिऊन बसलेला, आणि खालचा पत्रा गंजलेला. बॉनेटच्या आतून पॅकिंगचा फोम चिकटवला होता. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाचा गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या बाजूने तो वितळून काळा पडला होता, वर ऑइल मुरलेलं. हे पाहून मला घाम फुटला. त्या बॉनेटवर क्लीनर झोपतो.

ब्यूटाइलला डांबराचा वास येत नाही. घेतलेला तुकडा भर उन्हात पत्र्यावर चिकटवून ठेवा; वास सुटला किंवा ओघळ आला तर ते डांबर आहे. पसंत केलेल्या नमुन्याचा तुकडा स्वतःकडे ठेवा, आणि प्रत्येक भागाचा फोटो काढल्याशिवाय रेक्झिन लावू देऊ नका. फ्लोअरला पाणी न पिणारा बंद छिद्रांचाच फोम हवा. बॉनेटला उष्णता सोसणारा, आग न धरणारा माल हवा, तिथे तडजोड नाही.

आणखी एक गोष्ट गॅरेजवाला बोललाच नाही. ब्यूटाइलने पत्र्याची थरथर कमी होते, भोकांतून शिरणारा आवाज थांबत नाही. बॉनेटचं कुजलेलं रबर, गिअरच्या दांड्याचा फाटलेला बूट, पेडल आणि वायरींची उघडी भोकं, दरवाजाच्या कडेची रबरी बीडिंग, सायलेन्सरची गळती हे आधी बघायला हवं. आमच्या फिटरने नुसतं रबर आणि बूट बदलला तरी अण्णांना फरक जाणवला.

गॅरेजवाला म्हणतो, "माल तोच आहे, ऊनच जास्त पडलं." बिलावर मालाचं नाव, जाडी, चौरस फूट काही नाही, नुसतं 'केबिन काम'. तुमच्या बिलावर हे सगळं लिहून घ्या. स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्यालाही कायद्याने ग्राहक म्हणून तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. उसवलेल्या केबिनचे फोटो जोडून आम्ही तक्रार टाकली आहे.