लॉनमोअर ब्लेनी म्हणून विकलेला मासा

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्यांसाठी, त्यातही ज्यांच्या टाकीत प्रवाळ आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. ‘लॉनमोअर ब्लेनी, एकदम शांत, रीफ सेफ (म्हणजे प्रवाळांना धोका नसलेला), शेवाळ साफ करतो’ असं सांगून मला एक मासा विकला गेला. तो मासा शेवाळ खातच नाही. तो जिवंत दगडी प्रवाळ खाऊन जगतो. विकणाऱ्याची ओळखण्यात गल्लत झाली असती तर मी गप्प बसलो असतो. पण तो काय विकतोय हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि ते त्याच्याच तोंडून बाहेर पडलं.

माझी टाकी पुण्यात आहे, चार फुटी, साधारण २४० लिटरची. सिरॅमिकचे दगड आणि त्यांवर झोआ, मशरूम, लेदर असे सगळे मऊ प्रवाळ. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले, त्या पाण्याला आरओचा मेंब्रेन पुरा पडेना, फॉस्फेट चढलं आणि दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ धरलं. मेंब्रेन बदलला, रेझिन बदललं, माशांचं खाणं कमी केलं, हाताने निघेल तेवढं शेवाळ उपटून काढलं. हे आधी करावंच लागतं, कारण पाण्यात फॉस्फेट येतच राहिलं तर कुठलाही मासा ते शेवाळ आवरू शकत नाही. पण झोआंच्या मधल्या फटींत हात घालणं बरं नव्हे, त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. तिथलं शेवाळ खाणारं कुणीतरी टाकीत हवं होतं.

अशा वेळी पहिल्यांदा टँग हा शेवाळ खाणारा मासा आठवतो. पावडर ब्लू टँग आपल्याच हिंदी महासागरातला, लक्षद्वीपलाही सापडतो, दिसायला फारच देखणा. पण तो वीस सेंटीमीटरच्या पुढे वाढतो, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा बाळगतो, भांडखोर असतो, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टाकीत शिरला की सगळ्यात आधी यालाच धरतो. कोले टँगसारखे ब्रिसलटूथ जातीचे टँग आकाराने लहान आणि बरेच शांत, मात्र त्यांचे दात ब्रशसारखे. ते दगडावरचा पातळ थर आणि गाळ पुसून घेतात, लांब केसाळ शेवाळाला सहसा तोंड लावत नाहीत. फॉक्सफेस ते शेवाळ आवडीने खातो, पण त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असतं, तो मोठा होतो आणि उपाशी राहिला तर प्रवाळही टोचू लागतो.

म्हणून लॉनमोअर ब्लेनी. शास्त्रीय नाव सॅलॅरियस फॅसिएटस. वाढला तरी १४ सेंटीमीटरच्या आतबाहेर, दिवसभर दगडावर टेकून बसणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवत सगळ्या टाकीवर नजर ठेवणारा. ओठ जाड आणि आत कंगव्यासारखे बारीक दात. काचेवरचा हिरवा थर खरवडला की मागे ओठांच्या आकाराच्या खुणा राहतात. स्वतःसारख्याच दुसऱ्या ब्लेनीशी भांडतो, बाकी कुणाच्या वाटेला फारसा जात नाही. शेवाळ संपलं की उपासमार होऊन मरतो, त्यामुळे त्याला स्पिरुलिनाच्या गोळ्या आणि नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ कागद) खायची सवय आहे का, हे घेण्याआधीच विचारावं लागतं.

मी ते विचारलं होतं. विकणारा मुंबईचा, ओळखीतल्या एकाच्या स्टेटसवरून नंबर मिळालेला. लगेच फोटो आला: तपकिरी अंग, उभे गडद पट्टे, पांढुरके ठिपके, डोळ्यांवर फांद्या फुटल्यासारखे तुरे. हुबेहूब लॉनमोअर. पाठोपाठ गोळी उचलणाऱ्या माशाचा दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ. ‘दादा, माझ्याकडे पंधरा दिवस क्वारंटाइन झालाय, पेलेट खातोय, शेवाळावर तर तुटून पडतो,’ असं त्याने फोनवर सांगितलं. पॅकिंगसकट साडेतीन हजार. पैसे यूपीआयने, खातं दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाचं. बिल मागितल्यावर, ‘लाइव्हस्टॉकचं बिल कुणीच देत नाही दादा, डीओए गॅरंटी आहे ना.’

ही डीओए (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे पोचतानाच मेलेला) गॅरंटी नीट समजून घ्या, सगळी मेख तिच्यात आहे. पिशवी न फोडता व्हिडिओ काढायचा, मासा मेलेला निघाला तर दोन तासांत पाठवायचा, मग पैसे परत. ऐकायला रास्त वाटतं. पण या गॅरंटीत मासा जिवंत आहे की मेलेला एवढंच बघितलं जातं. कुठला मासा पाठवला हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. जिवंत पोचला की विकणारा मोकळा.

मासा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आला, पहाटे वाकडला पुलाखाली उतरवून घेतला. पिशवीभोवती वर्तमानपत्राचे थर, आत काळी पिशवी. मासे बिथरू नयेत म्हणून अंधार ठेवतात ही पद्धत बरोबरच आहे. पण प्रवासाने मासा फिका पडलेला असतो आणि त्या अवस्थेत भलाभला ओळखू शकत नाही, याचा फायदा घेणारेही असतात. थेंबथेंब पाणी देऊन त्याला सावकाश टाकीच्या पाण्याची सवय केली आणि सोडला.

दुसऱ्या दिवशी रंग वर आले तेव्हा अंगावर उभे पट्टे नव्हते. फिक्या अंगावर बारीक तपकिरी ठिपक्यांचे पुंजके होते, बिबट्याच्या कातड्यावर असतात तसे, आणि ते चेहऱ्यापासून ओठांपर्यंत आणि परांवरही पसरलेले. अंग लॉनमोअरपेक्षा लांबीला आखूड आणि पाठीपासून पोटापर्यंत जास्त उंच. काचेवर शेवाळाचा ताजा थर मी मुद्दाम ठेवला होता, त्यावर एकही खूण उमटली नाही. नोरी क्लिपला लावली, ती मऊ पडून सुटून गेली. गोळ्या, मायसिस आणि आर्टेमिया हे कोळंबीसारखे बारीक जीव, काहीही टाकलं तरी तो जागचा हलेना. मधूनच दगडावर चढायचा, तोंड टेकवायचा आणि मागे सरकायचा. तो काहीतरी शोधत होता आणि ते माझ्या टाकीत नव्हतं.

मुंबईतले एक काका बरीच वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवतात. त्यांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, ‘अरे, हा लेपर्ड ब्लेनी. एक्झॅलियस ब्रेव्हिस. हा प्रवाळ खातो.’ मग मी वाचून काढलं. लाल समुद्रापासून हवाईपर्यंतच्या खडकांवर राहणारा हा मासा ॲक्रोपोरा, पोसिलोपोरा, पोरायटिस अशा दगडी प्रवाळांचे जिवंत पॉलिप, म्हणजे प्रवाळ ज्यांचा बनतो ते इवले जीव, खरवडून खातो. जिथे चावतो तिथे पांढरा गोल डाग पडतो. तो दिसतो ब्लेनीसारखाच, कारण तो ब्लेनीच आहे. मात्र शेवाळाशी त्याला देणंघेणं नाही.

‘ब्लेनी’ या नावाखाली आपल्याकडे काहीही खपवलं जातं. स्कूटर ब्लेनी म्हणून मिळणारा मासा मुळात ब्लेनीच नाही. तो ड्रॅगोनेट आहे आणि कोपेपॉड नावाचे पाण्यातले बारीक जीव टिपून जगतो. तोही ‘अल्गी ईटर’ म्हणून विकलेला मी पाहिलाय. फँग ब्लेनींपैकी काही तर दुसऱ्या माशांचे खवले आणि पर तोडून खातात.

मी विकणाऱ्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘दादा, लॉनमोअरच आहे, टाकी बदलली की रंग बदलतो.’ मी ठिपक्यांचे फोटो पाठवले. मग म्हणाला, ‘थोडा वेळ द्या, भूक लागली की खाईल.’ थोडे दिवस गेले, माशाचं पोट आत जाऊन पाठीला लागायला आलं. मी पुन्हा फोन केला, तेव्हा तो सहज बोलून गेला, ‘तुमच्याकडे हार्ड कोरल नाहीये ना, म्हणून तो खात नाही. पंधराशेला एक एसपीएसचा (बारीक पॉलिपच्या दगडी प्रवाळाचा) तुकडा पाठवतो, समुद्रातला आहे, एकदम फ्रेश. महिन्याला दोन लागतील.’

शेवाळ खाणाऱ्या माशाला प्रवाळाचा तुकडा कशाला लागेल? लॉनमोअर म्हणून विकणाऱ्याला हे सुचायचं कारणच नव्हतं. साडेतीन हजारांत चुकीचा मासा गळ्यात मारायचा, मग तो उपाशी मरतोय हे बघून कासावीस झालेल्या माणसाला दर महिन्याला तीन हजारांचे तुकडे विकत राहायचे, असा तो सगळा हिशोब होता. मासा पाळणारा माणूस त्याला डोळ्यांदेखत मरू देत नाही, हे या लोकांना चांगलं ठाऊक असतं.

आणि तो तुकडा घेणं हा गुन्हा आहे. सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं, सगळं त्यात येतं आणि शिक्षा किमान तीन वर्षांची कैद, सात वर्षांपर्यंत. मेलेला सांगाडासुद्धा यातून सुटत नाही, म्हणून समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणून प्रवाळाचे दगड देणाऱ्यांपासूनही लांब राहा. मन्नारच्या आखातात, अंदमानात, लक्षद्वीपला, कच्छच्या आखातात आणि आपल्या मालवणच्या समुद्रातही हे प्रवाळ आहेत. गरम पाण्याने ते आधीच पांढरे पडतायत. त्यांचे तुकडे तोडून टाकीतल्या माशाला चारायला पाठवणारा माणूस माझ्या लेखी फक्त माझा गुन्हेगार नाही.

मी नकार दिला आणि पैसे परत मागितले. ‘जिवंत पोचला होता ना? व्हिडिओ आहे तुमचाच.’ पुढे फोन उचलणं बंद. चॅट उघडून पाहिलं तर सुरुवातीचे फोटो, व्हिडिओ, ‘शेवाळावर तुटून पडतो’ असं लिहिलेला मेसेज, सगळं गायब. त्याने पहिल्याच दिवशी मेसेज आपोआप पुसले जाण्याचं सेटिंग २४ तासांवर टाकून ठेवलं होतं. व्हॉट्सॲप तशी एक बारीक ओळ दाखवतं, पण व्यवहाराच्या गडबडीत तिच्याकडे कुणाचं लक्ष जातं? माझ्याकडे काही स्क्रीनशॉट उरले, कारण माशाचा फोटो मी मुलीला दाखवायला काढून ठेवला होता. तोच फोटो गूगल लेन्सवर टाकला तर परदेशातल्या एका दुकानाच्या पानावर निघाला. व्हिडिओतल्या टाकीचं तळ काळ्या वाळूचं आणि स्टेटसवर तो रोज दाखवायचा त्या टाक्या उघड्या तळाच्या, हेही काकांनीच दाखवून दिलं.

मासा गेला. त्याला वाचवायचा कायदेशीर मार्ग माझ्यापाशी नव्हता आणि हे लिहितानाही त्याचा राग येतो. समुद्रातून धरून आणलेला एक धडधाकट जीव केवळ साडेतीन हजारांसाठी उपाशी मारला गेला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला तक्रार केली. तिथे विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल विचारतात. बिल नसेल तर यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक उपयोगी पडतो. त्यानंतर ई-जागृती पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. पैसे घेऊन मासा पाठवलाच नाही, नंबर बंद, असं झालं तर मात्र वेळ न घालवता १९३० ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

आता कुठलाही मासा घेताना मी व्हिडिओ कॉलच मागतो, आधी काढलेला व्हिडिओ नाही. कॉलवर विकणाऱ्याने माझ्यासमोर टाकीत नोरी किंवा गोळी टाकायची आणि माशाने ती खायची. मासा आडवा दिसला पाहिजे, म्हणजे पोट भरलेलं आहे की खपाटीला गेलंय ते कळतं. शास्त्रीय नाव मेसेजमध्ये लिहून मागतो, ‘लॉनमोअर’ किंवा ‘अल्गी ईटर’ चालणार नाही असं स्पष्ट सांगतो. ‘पाठवलेली जात वेगळी निघाली तर पैसे परत’ ही एक ओळ लिहून घेतो, आणि मेसेज पुसले जाण्याचं सेटिंग चालू असेल तर बंद करायला लावतो. खरा व्यापारी या कशालाच नाही म्हणत नाही. जो ‘दादा, विश्वास नाही का’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

शेवाळाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. काकांनी काळे मॉली सुचवले, आपल्या कुठल्याही दुकानात पन्नास रुपयांच्या आत मिळणारे. मॉली गोड्या पाण्यात विकले जात असले तरी काही तासांत थेंबथेंब खारं पाणी देत गेलं की पूर्ण समुद्राच्या क्षारतेत नीट जगतात, कुणाला त्रास देत नाहीत आणि दिवसभर केसाळ शेवाळ चरत राहतात. पिलं होतात, ती बाकीच्या माशांना खाणं होतं. फॉस्फेट खाली आलेलंच होतं, मॉलींनी फटींतलं उरलेलं संपवलं. खरा लॉनमोअर मी पुढे एका दुकानातून समोर खाताना बघून आणला. आता काचेवर रोज सकाळी त्याच्या ओठांच्या खुणा असतात.

तो मुंबईचा नंबर अजून चालू आहे, फक्त नाव आणि डीपी बदललाय. गेल्या काही महिन्यांत ‘लॉनमोअर’ म्हणून ज्यांनी ब्लेनी घेतला असेल त्यांनी तो एकदा भरपूर उजेडात बघा. अंगभर ठिपक्यांचे पुंजके असतील आणि काच चाटत नसेल तर आजच फोटो, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आणि संदर्भ क्रमांक एका जागी काढून ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते.